नमुना सपाट बसला का, दाजी?

तीर्थस्वरूप दाजी यांस,

कंबर परवानगी देते तेवढा वाकून नमस्कार. अक्कालाही नमस्कार सांगा आणि तिचा गुडघा कसा आहे ते नीट कळवा. मागच्या पत्रात तुम्ही 'बरा आहे' एवढंच लिहिलं होतं. बरा म्हणजे जिना चढण्याइतका, की नुसता बसून बोलण्याइतका, ते कळलं नाही, आणि मला चार दिवस काळजी लागून राहिली. तुमचा खोकला कसा आहे? माझं म्हणाल तर मी ठीक आहे. म्हणजे डावा खांदा, पोटातला वायू आणि उठल्या उठल्या कानात वाजणारी शिट्टी एवढं सोडलं तर ठीक. पाकीट जाड बघून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. अक्षर मोठं आहे म्हणून पानं वाढली. घरात एकही बारीक पेन धड चालत नाही, म्हणून खोक्यांवर पत्ता लिहायच्या जाड काळ्या पेनाने लिहितो आहे. पानावर सात ओळी बसतात. (सूनबाई म्हणाली, पत्र लिहिताय की दुकानाची पाटी? मी लक्ष दिलं नाही.)

पत्राला कारण असं की आपल्या कारखान्यातून माझ्याकडे माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. मला वाटलं पेन्शन बंद झाली. पाणी द्यायचंही सुचलं नाही. पण तसं काही नव्हतं. आपली जुनी भट्टी होती ती शेड आठवते ना, तिथे आता 'तांब्याचं दालन' करताहेत. भिंती रंगवल्यात, काचेच्या कपाटात आपले हातमोजे ठेवलेत, आणि जेवणाच्या सुट्टीत आपण ज्या बाकड्यावर बसायचो त्याला दोरी बांधून वर पाटी लावली आहे की कृपया बसू नये. बारा तारखेला उद्घाटन आहे. मोठे पाहुणे येणार, आणि त्यांच्यापुढे लहान भट्टी एकदाच, शेवटची, जुन्या पद्धतीने पेटवणार. आता सगळं काम गॅसवर आणि यंत्रावर चालतं, त्यामुळे नमुना बघून 'झालं' म्हणणारा माणूस त्यांच्याकडे उरलेला नाही. ऑफिसच्या यादीत एकच नाव निघालं, माझं. (तुमचं नाव भंगार खात्याच्या यादीत आहे, म्हणून त्यांना दिसलं नसणार. मीही त्या वेळी काही बोललो नाही. पुढे लिहितोच.) शिवाय दहा मिनिटं भाषण करायचं, 'आपला देश आणि तांबं' या विषयावर. दाजी, मी पाचवीतून शाळा सोडलेला माणूस. आजवर चार माणसांपुढे बोललो असेन तर ते रांगेत कोण आधी आलं याबद्दल.

भाषणाची सुरुवात अशी केली आहे, बरोबर आहे का बघा. डोंगर फोडून शंभर घमेली दगड काढले तर त्यात तांबं निघतं एखादं घमेलं, तेही खाण चांगली असेल तर. बाकीची नव्व्याण्णव नुसती इकडून तिकडे हलवायची. (माझ्या भाषणाचंही तसंच आहे असं चिरंजीवांचं मत.) मग ते वितळवायचं. वितळलेलं तांबं हवा पिऊन बसलेलं असतं, आणि तशीच लगड ओतली तर ती पुढे तार ओढताना तडकते. ती हवा काढायला झाडाचा ओला वासा त्या रसात खुपसून धरायचा. ओलं लाकूड आत जळतं, रस खदखदतो, तांबं निवळत जातं. मधून मधून पळीभर रस छोट्या साच्यात ओतायचा आणि तो थिजताना त्याचा चेहरा बघायचा. मधे खळगी पडली तर हवा अजून आहे. फुगवटा आला तर काम जास्त झालं. पाटीसारखा सपाट बसला, की बस्स. वासा धरणाऱ्याला हातातल्या थरथरीवरून कळतं, तो म्हणतो 'अजून थोडं'. नमुना बघणारा म्हणतो 'झालं'. मधे तिसरं माणूस नाही. सतरा वर्षं वासा तुम्ही धरलात आणि नमुना मी बघितला, आणि सगळा कारखाना मला 'डोळा' म्हणायचा. मला तिथे चिकटवलं होतं तेही तुम्हीच, हे मी भाषणात घातलं आहे.

इथवर ठीक होतं. पुढे तांब्याचे उपयोग सांगायचे. ऑफिसवाल्यांनी एक छापील कागद दिला होता, अमक्या गाडीत इतकं तांबं, तमक्या घरात तितकं. पण ज्याने कधी हातात पळी धरली नाही त्याच्या आकड्यावर मी कसा विश्वास ठेवू? उद्या पाहुण्यांतल्या एखाद्याने उठून विचारलं, तुम्ही मोजलंय का, तर? ही काळजी लागली आणि मी आपल्याच घरातलं तांबं मोजायला घेतलं. आधी नुसतं बघत फिरलो. भिंतीत वायर, वायरीत तांबं. नळाच्या पोटात पितळ, म्हणजे निम्म्याहून जास्त तांबंच. कुलूप, किल्ली, घंटी, टेलिफोन. दाराची पितळी मूठ, जिच्यावर रोगाचे जंतू म्हणे फार तग धरत नाहीत. (हे कळल्यापासून मी येता जाता ती मूठ धरून थोडा वेळ उभा राहतो.) बागवाला फवारतो ते निळं पाणी, त्यातही तांबं. एका डॉक्टरकडे गेलो होतो, कशाला ते विचारू नका, साधं काम होतं, तर त्यांना विचारलं, माणसात किती असतं? ते म्हणाले, मोहरीच्या दाण्याएवढं. आणि गोगलगायीचं रक्त तांब्यामुळे निळसर असतं असंही म्हणाले. मोहरीचा दाणा ऐकून मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. इतकी वर्षं त्या धुरात काढली, निदान वाटाण्याएवढं तरी साठायला हवं होतं.

मग वजन करायचं ठरवलं, आणि तिथे घात झाला. हॉलमधला पंखा उतरवून उघडला. आत केसासारखी बारीक तार इतक्या सुबकपणे गुंडाळलेली की बघत राहावं. ती सोडवून काट्यावर ठेवली. वजन मिळालं. परत गुंडाळता येईना. वायरमन आला, त्याने माझ्या मांडीवरचा तो पुंजका बघितला आणि म्हणाला, 'आजोबा, लग्नाला निघालेल्या बाईचा अंबाडा सोडलात, आणि आता मला म्हणता बांध.' पंखा गेला. दुसऱ्या दिवशी फ्रिजमागची नळी तांब्याची की रंग दिलेल्या लोखंडाची, एवढंच बघायला तिला कानस लावली, एकदाच, हलक्या हाताने. फुस्स असा आवाज झाला आणि तो थांबेचना. (तांब्याचीच होती.) सूनबाई शांत स्वभावाची आहे. ती एवढंच म्हणाली, 'बाबा, आता माझ्या माहेरचं घर मोजा. तिथे दोन फ्रिज आहेत.'

तिसऱ्या दिवशीचं अक्काला सांगू नका. आमच्या इमारतीच्या तळाशी मीटरची खोली आहे. तिथून तांब्याची एक पट्टी भिंतीवरून उतरून जमिनीत जाते, वीज पडली तर ती खाली न्यायला. तिची जाडी मोजायला मी दुपारी तीन वाजता गेलो. हातात कानस, बगलेत स्वयंपाकघरातला वजनकाटा, तोंडात टॉर्च. वाकून बघत होतो तेवढ्यात मागून वॉचमन म्हणाला, 'आजोबा, हातातलं खाली ठेवा आणि हळूच बाहेर या.' मागच्या महिन्यात शेजारच्या इमारतीची अशीच पट्टी कोणीतरी कापून नेली होती, हे मला कुठे ठाऊक? तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी चपला न घालता धावत आले. माणसं जमली. मी म्हणालो, 'अहो, तांबं चोरेन कशाला? चाळीस वर्षं मी तांबंच केलंय!' तर वॉचमन म्हणतो, 'मग आता परत न्यायला आलात होय?' सगळे हसले. चिरंजीव ऑफिस सोडून आला, त्याने सही करून मला सोडवलं आणि जिन्यात एकच वाक्य बोलला, 'बाबा, तुम्ही भाषण लिहीत होता ना?'

पण त्या गडबडीत एक गोष्ट झाली, ती तुम्हालाच सांगण्यासारखी आहे. माणसं जमेपर्यंत माझा हात त्या पट्टीवर होता. थंड, गुळगुळीत. आणि माझ्या मनात आलं, ही आपली तर नसेल? इमारत जुनी आहे, साल जुळतं. तांबं कुठे जात नाही दाजी. लोखंड गंजून माती होतं, लाकूड किडतं. तांबं हिरवं पडतं आणि तसंच थांबतं. भंगारात गेलं तरी वितळून परत येतं, आणि आजची तार उद्याची नळी होते. तुम्ही ढवळलेलं आणि मी पास केलेलं सगळंच्या सगळं आत्ता या घटकेला कुठे ना कुठे आहे. कुणाच्या तरी पंख्यात फिरतंय, कुणाचं बोलणं वाहून नेतंय. सोडवून आणल्यावर मी खोलीत बसून हाच विचार करत होतो आणि आधी मला फार बरं वाटलं. मग ती एक भट्टी आठवली. ती पण कुठेतरी असणारच.

ती भट्टी म्हणजे कुठली, हे तुम्हाला सांगायला नको. तार कारखान्यातून सगळ्या लगडी तडकून परत आल्या ती. चौकशीत फोरमनने विचारलं, चूक कोणाची, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, 'वासे सुकलेले होते, माझ्या लक्षात आलं नाही.' (तोंड उघडायच्या आत, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तोंड उघडायला भरपूर वेळ होता. तुम्ही आधी पाणी प्यालात.) माल परत भट्टीत गेला, आठवड्यात निवळला, त्याचं काही बिघडलं नाही. तुम्हाला मात्र भंगाराच्या आवारात पाठवलं, आणि तिथे तुम्ही उन्हात एकोणीस वर्षं पितळ एकीकडे, तांबं दुसरीकडे करत राहिलात. मी सावलीत डोळा म्हणून राहिलो. त्यानंतर आपण लग्नाकार्यात भेटलो, आजारपणात भेटलो, एकमेकांना पत्रं लिहिली, त्यात गुडघे आले, खोकला आला, पण ती भट्टी आली नाही. आताही ती काढायचं काही कारण नाही. पण भाषणात मी लिहिलं होतं की 'माझ्या हातून एकही भट्टी वाया गेली नाही', आणि मोठ्याने वाचून बघताना त्या वाक्याला रोज ठसका लागतो. सूनबाईने खोकल्याचं औषधही दिलं. उपयोग नाही.

सरावही चालू आहे. तांबं घरात वितळवता येत नाही (चिरंजीवाने माझ्याकडून तसं वचन घेतलं आहे), म्हणून मेणबत्त्या पळीत वितळवून साबणाच्या डबीत ओततो आणि थिजताना बघतो. वीस मेणबत्त्या झाल्या. प्रत्येक वेळी मधे खळगी. सपाट म्हणून बसायला तयार नाही. माझा धीरच सुटला. वाटलं, ती विद्याच आपल्याला सोडून गेली. शेवटी वायरमन नवा पंखा लावायला आला तेव्हा शिडीवरूनच म्हणाला, 'आजोबा, मेण खालीच बसतं. मेणाचा तो स्वभाव आहे, त्यात तुमचा काय दोष?' दाजी, मला सांगायला लाज वाटते, पण 'तुमचा काय दोष' हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मेणाच्या धुराचं कारण सांगावं लागलं.

असो. इकडे बाकी सर्व खुशाल. हवा दमट आहे. काही मागणं नाही, काही काम नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. अक्काला गुडघ्यावर भार देऊ देऊ नका. तुम्ही गरम पाणी पीत जा.

तुमचा मेव्हणा,
ज्याला कारखान्यात डोळा म्हणत

ता. क. : काही काम नाही असं वर लिहिलं, पण एक बारीकसं आहे. बारा तारखेला तुम्ही यावं. मी ऑफिसला फोन करून कळवलं आहे की वासा धरायला दुसऱ्या कुणाला शिकवत बसू नका, ज्याने सतरा वर्षं धरला तो माणूस अजून आहे. ते म्हणाले, वय फार झालं असेल ना? मी म्हणालो, वासा तुमचे दोघं जण धरतील, दाजींनी नुसता हात ठेवायचा आहे. त्यांच्या हाताला कळतं. तुमच्यासाठी गाडी पाठवायला ते तयार आहेत.

आणखी ता. क. : बारीक पेन चालत नाही हे खरं नाही. घरात चार चांगली पेनं आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तो डॉक्टर डोळ्यांचाच होता, आणि ऑपरेशनची तारीख बारानंतरची मिळाली आहे. थिजणारा नमुना मला एक लाल ढग दिसेल. पण नुसतं तेवढ्यासाठी मी तुम्हाला बोलावत नाही, ते आता याच पानावर लिहून टाकतो, नाहीतर पुढच्या पानापर्यंत धीर राहणार नाही. त्या दिवशीही मला दिसलं नव्हतं. चष्मा लागून वर्ष झालं होतं. चष्मेवाल्याला नमुन्यावर ठेवत नाहीत म्हणून मी तो डब्यात लपवून ठेवायचो, आणि नमुना पाण्यात विझवला की अंगठा फिरवून खळगी आहे की नाही ते ओळखायचो. तसं काम चाललं होतं. त्या दिवशी फोरमन शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्यासमोर अंगठा कसा फिरवणार? मी लांबूनच बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, 'झालं.' तुम्ही म्हणालात, 'अजून थोडं.' मी पुन्हा म्हणालो, 'झालं,' जरा चढ्या आवाजात, आणि तुम्ही वासा बाहेर काढलात. वासे ओले होते. सगळेच्या सगळे ओले होते, सालीतून पाणी येत होतं. हे तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं का, एवढंच मला इतकी वर्षं कळलं नाही.

तिसरा ता. क. : भाषणातलं ते वाक्य काढलं. त्या जागी वरचं सगळं घातलं आहे, जसंच्या तसं, फोरमनसकट. मोठ्याने वाचून बघितलं, ठसका लागला नाही. दहा मिनिटांत बसतं, कारण तांब्याचे उपयोग काढून टाकले. (मूठ तेवढी ठेवली आहे.) दालनात आपला दोघांचा एक फोटो लावलाय, त्याखालच्या चिठ्ठीवर नुसतं माझं नाव होतं. तिथे दोघांची नावं घालायला सांगितली आहेत, तुमचं आधी.

चौथा ता. क. : हे पत्र अक्काला वाचून दाखवा. पाकीट चोरून ठेवू नका, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. ती अजून सगळ्या नातेवाइकांत सांगते की माझ्या भावाची नजर म्हणजे नजर, आणि आमच्या ह्यांना मेला एक वासा धड धरता आला नाही. मागच्या लग्नात सुद्धा पंगतीत बोलली आणि तुम्ही मान खाली घालून जेवत राहिलात. मी तुमच्या शेजारीच होतो. मीही जेवत राहिलो. मला मोठ्या साहेबांची भीती वाटत नाही, पाहुण्यांची वाटत नाही, अक्काची वाटते. तिला आधी बसवा, गुडघ्याखाली उशी द्या आणि मग वाचा. ती मला काही बोलली तर तुम्ही मधे पडू नका. तुम्ही फार मधे पडता.

शेवटचा : सूनबाईने हे पत्र चाचपून विचारलं, बाबा, संपलं का? मी म्हणालो, ते मी एकट्याने ठरवायचं नाही. तुम्ही पानं हातात धरून बघा. कुठे खळगी राहिली असेल, मी काही लपवलं असेल, तर तुमच्या हाताला कळेल. मग नुसतं 'अजून थोडं' एवढंच लिहून पाठवा, मी पुन्हा लिहायला बसेन. पेनं भरपूर आहेत. आणि तसं नसेल तर या वेळी 'झालं' तुम्ही म्हणा.